चपड्याची बाटली आणि आम्ही चौघं

लाकडाला चपड्याचं पॉलिश लावलं की पुढचं काम एकच असतं, हात न लावणं. लांबही जाता येत नाही, कारण बापूंच्या शेडमध्ये चिमण्या येतात आणि नेमक्या ओल्या लाकडावर चालतात. मग चार माणसं बसून काय करणार? बोलणार. अशी पाच-सहा वर्षं बसलं की किस्से आपोआप साठतात, कपाटात जुन्या बाटल्या साठतात तसे. फरक एवढाच, की बाटल्या मी वर्षाच्या आत फेकायला लावते. किस्से अजून चांगले आहेत.

आम्ही चौघं म्हणजे बापू, त्यांच्या पत्नी सुनंदाताई, रफीकभाई आणि मी. बापू रेल्वेतून रिटायर झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी नानाखेड्यातल्या घरामागे पत्र्याची शेड टाकून सुतारकाम सुरू केलं. रफीकभाईंचं देवास गेटमागच्या गल्लीत पॉलिशचं दुकान आहे, त्यांच्या आजोबांपासूनचं. बापू लाकूड घासतात, रफीकभाई रविवारी येऊन त्यांच्या चुका दुरुस्त करतात. मी शेजारीण. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत केमिस्ट्री शिकवली. सुतारकामाशी माझा काही संबंध नव्हता. तो एका स्टुलामुळे आला.

* * *

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. सुनंदाताईंनी मला बापूंनी केलेल्या नव्या स्टुलावर बसवलं. स्टूल खरंच देखणं होतं, मधासारखा रंग, वर छान चमक. मी अर्धा तास बसले, डाळ खाल्ली, पन्हं प्यायले आणि उठले. स्टूल माझ्याबरोबर उठलं.

चार बायकांनी मिळून मला त्यापासून सोडवलं. साडीचं फारसं बिघडलं नाही, पण साडीची पूर्ण वीण स्टुलावर उमटली. मी बापूंना बोलावलं. वर्गात परीक्षानळी फुटली की ज्या आवाजात विचारायचे, त्या आवाजात विचारलं, "हे पॉलिश बनवलं कधी?"

"दिवाळीला."

"गेल्या?"

"त्याच्या आधीच्या. दोन लिटर बनवून ठेवलं वहिनी, बारबार कोण करत बसणार."

चपडा म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या. त्या स्पिरिटमध्ये टाकल्या की दिवसभरात विरघळतात आणि पॉलिश तयार होतं. पण बाटलीत ती दोघं गप्प बसत नाहीत. त्यांची आपसात क्रिया चालूच राहते, आणि वर्षभरात पॉलिश असं होतं की दिसायला तेच, लावायला तेच, फक्त कडक सुकत नाही. चिकट राहतं ते राहतंच. हे मी बापूंना तिथेच, हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी उभी राहून समजावलं.

बापूंना पटलं नाही. "वहिनी, लाख आहे ती. लाख कधी खराब होते का? महाभारतात अख्खं घर बांधलं होतं लाखेचं."

"ते किती दिवस टिकलं, बापू?"

पुढच्या रविवारपासून मी शेडमध्ये जायला लागले.

* * *

मी पहिला नियम केला, प्रत्येक बाटलीवर तारीख. बापूंनी "बिलकुल" म्हणून मान डोलावली. पुढच्या वेळी पाहिलं तर बाटलीवर लिहिलं होतं, "नवीन". महिन्याभरात तीन बाटल्या झाल्या: "नवीन", "नवीन २" आणि "एकदम नवीन".

मी म्हटलं, "बापू, तुम्ही रेल्वेत होता. गाडीच्या बोर्डावर 'लवकरच' लिहायचात का?"

सुनंदाताई आतून म्हणाल्या, "लिहायचेच."

मग त्यांनी खरोखर तारखा घातल्या, चांगल्या जाड मार्करनं. आठवड्यानं सगळ्या बाटल्या कोऱ्या. चोर कोण, तर स्पिरिट. बाटलीतून ओतताना एक ओघळ बाहेरून खाली येतो, आणि स्पिरिटला लाख काय आणि शाई काय, सारखीच. तेव्हापासून आमच्याकडे कागदी पट्टीवर पेन्सिलीनं लिहितात. पेन्सिलीला स्पिरिट काही करू शकत नाही. हे मी अकरावीच्या मुलींना दर जुलैत सांगायचे आणि त्या दर ऑगस्टमध्ये पेनानं लिहायच्या. बापूंचं वय सोडलं तर काही वेगळं नव्हतं.

* * *

दुसरा नियम चाचणीचा. बाटलीतलं लाकडाला लावण्याआधी एक थेंब काचेवर टाकायचा, बोटानं पातळ पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला नख लावायचं. नख सरकलं, पापुद्रा कडक वाटला, तर पॉलिश चांगलं. नख रुतलं, तर बाटली गेली. याला ना मशीन लागतं ना पैसा. लागते फक्त काच.

बापूंनी दुसऱ्या दिवशी काच आणली. एकदम स्वच्छ, हातभर लांब, कडा घासलेल्या. मी खूश झाले. आम्ही तिच्यावर ओळीनं थेंब टाकले, बाजूला नंबर घातले. महिनाभर ती काच उत्तम चालली.

मग पितृपक्षाआधी सुनंदाताईंनी घर झाडायला काढलं आणि बैठकीतला लग्नाचा फोटो हातात घेतला. फोटोला काच नव्हती.

त्या फोटो घेऊन शेडमध्ये आल्या. समोर टेबलावर काच, तिच्यावर चपड्याचे बावीस ठिपके. रफीकभाईंनी ताबडतोब पॉलिश फिरवायच्या पोटलीतला कापूस बदलायला घेतला, म्हणजे खाली मान घालून. मी चष्मा पुसायला लागले.

सुनंदाताई शांतपणे म्हणाल्या, "सगळ्या बाटल्यांची टेस्ट झाली. आपल्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली. त्याची कधी करणार?"

बापूंनी फोटो हातात घेतला, कोपऱ्यावर अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाले, "रुतत नाहीये. अजून कडक आहे."

संध्याकाळी ते स्वतः जाऊन फोटोला नवी काच बसवून आले.

* * *

एका मे महिन्यात शेडचा पत्रा इतका तापायचा की आत उभं राहवत नसे. उष्णतेनं पॉलिश लवकर मरतं, हे मीच सांगितलं होतं. त्यामुळे पुढे जे झालं त्यात थोडा दोष माझा आहे. बापूंनी बाटली घरातल्या फ्रिजमध्ये ठेवली, पन्ह्याच्या बाटलीला लागून.

इंदूरहून सुनंदाताईंचे थोरले भाऊ आले. उन्हातून आले होते. फ्रिज उघडला, तपकिरी बाटली काढली, ग्लासात ओतली आणि तोंडाजवळ नेली. वास आल्याबरोबर ग्लास खाली ठेवला. कुणाला काही म्हणाले नाहीत. जेवले, झोपले, चहा घेतला, पाच वाजताच्या बसनं परत गेले.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. आधी त्यांच्या वहिनींचा, मग देवासच्या मावशींचा, मग भोपाळच्या भाच्याचा. सगळे सुनंदाताईंना धीर देत होते. रिटायरमेंटनंतर माणसं एकटी पडतात, रागावू नकोस, प्रेमानं सोडव. मावशी तर म्हणाल्या, "आणि रंगावरून देशी वाटते म्हणे."

सुनंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. "मावशी," त्या म्हणाल्या, "ते पीत नाहीत, फासतात."

मग मावशी म्हणाल्या, "बघ बाई, डॉक्टरला दाखव."

चेष्टा सोडून सांगते, त्या स्पिरिटचा एक घोट पोटात गेला असता तर माणूस आंधळा झाला असता, नाही तर गेलाच असता. त्या दिवशी मी बाटली उचलली, तिच्यावर कवटी काढली आणि ती शेडमधल्या माठाशेजारच्या कुलपाच्या कपाटात ठेवली. माठाच्या ओलीनं कपाट पुरेसं थंड राहतं. किल्ली माझ्याकडे असते.

* * *

राम घाटावरच्या एका पंडितजींनी बापूंकडून बसायला चौकी करून घेतली. यजमान समोर बसतात, चौकी उठून दिसायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. श्रावणाच्या आत हवी होती. पाऊस थांबत नव्हता. रफीकभाई म्हणाले, "बारिश में पॉलिश और रिश्तेदारी, दोनों में जल्दी मत करो बापू." बापूंनी जल्दी केली. हवेतली ओल पॉलिशमध्ये शिरली आणि सुकल्यावर चौकीवर पांढुरका थर आला, ढगासारखा.

बापूंची मान खाली गेली. पंडितजी ठरल्याप्रमाणे आले, चौकीभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं. "वाह," ते म्हणाले, "भस्म का भाव आ गया है. ये कैसे किया?"

बापूंना तिथे गप्प बसता आलं असतं. पण माणूस प्रामाणिक. त्यांनी सांगितलं की ही चूक आहे, दोन दिवस द्या. ऊन पडलं तेव्हा रफीकभाईंनी पोटलीला नुसतं स्पिरिट लावून ती अशी हलक्या हातानं फिरवली की पांढरं सगळं उडालं आणि खालून सागाची रेषा न् रेषा वर आली. त्यांच्या आयुष्यातल्या उत्तम कामांपैकी ते एक असेल.

पंडितजींनी चौकी नेली. अजूनही बापू घाटावर दिसले की ते यजमानांना सांगतात, "चौकी इन्होंने बनाई है. पहले और अच्छी थी."

* * *

आता रफीकभाईंचं सांगते.

काच, नख, तारीख हे सगळं माझं. पण देवास गेटच्या त्या गल्लीत शेवटचा शब्द असायचा रफीकभाईंच्या नाकाचा. आसपासचे सुतार, दुकानदार आपले डबे घेऊन त्यांच्याकडे यायचे. ते झाकण उघडायचे, डबा नाकाजवळ न्यायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि म्हणायचे, "जिंदा है." किंवा नुसतं, "गया."

माझा यावर विश्वास नव्हता. मी एकदा नऊ बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी दोन मिनिटांत नऊ उत्तरं दिली. मी नऊ थेंब काचेवर टाकले आणि दुसऱ्या दिवशी नख लावलं. नऊच्या नऊ बरोबर. मग मी वाद घालायचं बंद केलं. खरं सांगायचं तर आळशीही झाले. रफीकभाई असले की काच काढायचीच नाही, असं झालं.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत त्यांना ताप आला. दहा-बारा दिवस अंथरुणावर होते. बरे होऊन आले तेव्हा गाल आत गेले होते, पण हात तसेच चालत होते. बापूंची मुलगी तेव्हा बाळंतपणाला आली होती. नात झाली होती. बापूंनी तिच्यासाठी शिसवीचा पाळणा केला होता आणि बारशाला आठ दिवस होते. बापूंनी बाटली पुढे केली. पट्टीवरची तारीख काठावरची होती. रफीकभाईंनी वास घेतला, डोळे मिटले. "जिंदा है."

तिसऱ्या दिवशी पाळण्याला बोट चिकटलं. चौथ्या दिवशीही चिकटलं.

"थंडी आहे," बापू म्हणाले.

"ठंड है," रफीकभाई म्हणाले. त्यांनी सगळा पाळणा स्वतः खरवडला, स्पिरिटनं धुतला, ताजं पॉलिश बनवलं आणि पहिल्यापासून कामाला बसले. आम्हाला कुणाला हात लावू देईनात. एकेका दांड्यावर पोटली फिरवत होते.

तेवढ्यात घरात दूध उतू गेलं. नुसतं उतू नाही, पातेलं जळलं. शेडमध्ये धूर आला नव्हता, पण वास असा आला की बापू उठून धावले, मागोमाग मीही. सुनंदाताई बाळंतिणीच्या खोलीत होत्या, त्याही धावत आल्या. आम्ही गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, पाच मिनिटांनी परत आलो. वास अजून सगळ्या शेडमध्ये भरलेला होता. रफीकभाई तिथेच बसलेले, पोटली त्याच लयीत फिरत होती. आम्हाला पाहून त्यांनी मान वर केली.

"क्या हुआ? बच्ची ठीक है?"

"ठीक है," बापू म्हणाले. "दूध जलून गेलं."

रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. त्यांना कळलं होतं की मला कळलं आहे.

पाळणा वेळेत झाला. बारसं छान झालं. रफीकभाई सहकुटुंब आले, पोरीच्या हातात चांदीचा खुळखुळा देऊन गेले.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी माझ्या दारावर थाप पडली. रफीकभाई एकटे उभे होते. इतक्या वर्षांत ते माझ्या घरी कधी आले नव्हते. मी त्यांना बसवलं, चहा केला. त्यांनी कप हातात धरला, वाफेकडे पाहिलं.

"मॅडम, इसमें इलायची है?"

"है."

"अच्छी बनी है?"

मी एक घोट घेतला. "अच्छी बनी है."

मग त्यांनी चहा प्यायला. कप खाली ठेवून म्हणाले, "डॉक्टर कहता है, नाक वापस आ भी सकती है, नहीं भी. घर में बेगम को पता है. अब आपको." कप बोटानं बाजूला सारला. "मैंने बच्ची के पालने पर मरा हुआ पॉलिश लगवा दिया."

"धुऊनही तुम्हीच टाकलं," मी म्हटलं. मला हिंदी सुचेना.

"दुकान मेरी नाक से चलती है, मॅडम. लोगों को मालूम पड़ गया तो..." ते सरळ बसले. "वो काँच वाला तरीका मुझे सिखा दीजिए. ठीक से. जैसे लड़कियों को सिखाती थीं."

मी कपाटातून सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्यांचा खोका काढला. शाळा सोडताना मुलींनी दिलेला. त्यांच्यासमोर मी उस्तादी दाखवणार नव्हते, म्हणून मुलींना जसं शिकवायचे तसंच शिकवलं. थेंब दर वेळी सारखा. पसरायचा पातळ. ठेवायचा सावलीत, धुळीपासून लांब. नख मध्ये नाही, कडेला लावायचं. ते दर मंगळवारी यायचे, सोबत चार-पाच छोट्या बाटल्या घेऊन, आणि बुधवारी नख लावायला. पहिल्या आठवड्यात दोनदा चुकले. दुसऱ्या आठवड्यात एकदा. तिसऱ्या आठवड्यात मी चुकले आणि ते बरोबर निघाले. बोटांना चाळीस वर्षांची सवय होती, मी फक्त त्यांना कुठे बघायचं ते सांगितलं. बापूंना मी काही सांगितलं नाही. बापूंनीही मला कधी विचारलं नाही, फक्त रविवारी रफीकभाईंच्या पुढ्यात बाटली ठेवायचं त्यांनी आपणहून बंद केलं.

गेल्या पावसाळ्यानंतर मी चपडा आणायला देवास गेटला गेले होते. रफीकभाई वजन करत होते. तेवढ्यात फर्निचरवाला एक माणूस पाच लिटरचा डबा घेऊन आला, काउंटरवर आपटला. मागे दोन कारागीर उभे होते. दुकानात आणखीही गिऱ्हाइकं होती.

"उस्ताद, जरा सूँघ के बता दो. हॉटेल का काम है, सोलह पलंग हैं."

रफीकभाईंनी तराजू बाजूला ठेवला. झाकण उघडलं. डबा दोन्ही हातांनी नाकाजवळ नेला, डोळे अर्धे मिटले. त्यांनी सावकाश झाकण लावलं.

"कल आना."

"कल?" तो माणूस म्हणाला. "पहले तो आप वहीं के वहीं बता देते थे."

रफीकभाईंनी डबा उचलून आपल्या मागच्या फळीवर ठेवला, हात फडक्याला पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"पहले लोग माल भी सीधा लाते थे," ते म्हणाले. "अब नाक को सोचना पड़ता है."

त्या माणसानं आपल्या कारागिरांकडे वळून पाहिलं, मग परत यांच्याकडे. "बात तो सही है, उस्ताद," म्हणाला, आणि नमस्कार करून गेला.